जुना फुटबॉल क्लब चालवायला घेताय? दरवर्षीची तूट कोण भरणार ते आधी लिहून काढा

इतरांनाही उत्तर लागू पडावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जालना आणि छत्रपती संभाजीनगरमधले तुम्ही पाच भागीदार आहात. तीन वर्षांत मिळून तीन कोटी घालायची तयारी आहे. शहरातला एक जुना क्लब कारभार सोपवायला राजी आहे. त्याची नोंदणी ट्रस्ट म्हणून आहे आणि तो खेळतो ते मैदान महापालिकेचं आहे. हा क्लब विकत घ्यावा की नवा काढावा, आणि पाच वर्षांत पैसे सुटतील का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. क्लब जरूर घ्या, पण तीन कोटी तीन वर्षांत संपवू नका. त्याच पैशात पाच हंगाम निघतील एवढ्याच आकाराचा क्लब ठेवा. घातलेलं भांडवल पाच वर्षांत परत हवं असेल, तर मात्र या व्यवहारात पडू नका.

छोट्या क्लबच्या बाबतीत खरेदीच्या किमतीला फारसा अर्थ नसतो. इंग्लंडमधला बरी हा शंभर वर्षांहून जुना क्लब 2018 च्या डिसेंबरमध्ये एक पौंडाला विकला गेला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये लीगमधून बाहेर काढला गेला. नव्या मालकाला देणी भागवण्याइतका पैसा दाखवता आला नाही. आपल्याकडे जमीन घेताना एकरी भावाआधी विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का ते विचारतात, तसंच इथे आधी विचारायचं की जमा आणि खर्च यांच्यातली तूट दरवर्षी किती, आणि ती किती वर्षं कोण भरणार.

मोठं नाव पाठीशी असलं की क्लब टिकतो, हा समज महाराष्ट्रात तरी खरा ठरलेला नाही. पुणे एफसीमागे अशोक पिरामल समूह होता, भारत एफसीमागे कल्याणी समूह होता, डीएसके शिवाजियन्समागे बांधकाम व्यवसायातलं मोठं घराणं होतं. भारत एफसी आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचा एकच हंगाम खेळला, डीएसके 2017 मध्ये बाहेर पडला, आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग, देशातली सर्वात वरची स्पर्धा) पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला. मुंबईत महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये आणि मुंबई एफसी 2017 मध्ये गेला. कारणं प्रत्येकाची वेगळी असतील, पण हिशेबाचा सांगाडा सारखाच होता. खर्च दर महिन्याला ठरलेला, प्रक्षेपणातून वाटा जवळपास नाही, आणि तूट पूर्णपणे मालकाच्या इच्छेवर. मालकाच्या मूळ धंद्याला ताण आला की पहिली कात्री क्लबला लागते.

वर चढलो की पैसा येईल, हेही गृहीत धरू नका. 2022-23 पासून आय-लीगचा विजेता प्रवेशशुल्काशिवाय आयएसएलमध्ये जाऊ लागला. आधी पंजाब एफसी गेला, मग मोहमेडन. ही चांगली सुधारणा आहे. पण आयएसएल ज्यावर चालत होती तो व्यावसायिक हक्कांचा 15 वर्षांचा, 700 कोटींचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता आणि त्यापुढची व्यवस्था ठरली नव्हती, म्हणून जुलै 2025 मध्ये हंगामच थांबवला गेला. नव्या हक्कांच्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. सर्वात वरच्या पायरीवर ही स्थिती असेल, तर खालच्या पायरीवरच्या क्लबनं बढतीतून मिळणारं उत्पन्न अंदाजपत्रकात शून्यच धरावं.

आता कायद्याची बाजू. ट्रस्टला शेअर नसतात, त्यामुळे ट्रस्ट विकत घेता येत नाही. तुम्ही फक्त विश्वस्त होऊ शकता. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, द्यावा लागतो, आणि ट्रस्टमधून नफा घरी नेता येत नाही. ट्रस्टच्या नावावर जागा असेल तर ती विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला, धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणून कोणी "क्लब तुमच्या नावावर करून देतो" म्हणालं, तर नेमकं काय नावावर होणार ते विचारा. शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढा आणि आजचे विश्वस्त तेच आहेत का ते पाहा. जुन्या क्लबांमध्ये वारलेल्या विश्वस्तांची नावं उताऱ्यावर तशीच असणं आणि चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं प्रलंबित असणं हे नेहमीचं आहे. अशा वेळी आज सही करणाऱ्याला सहीचा अधिकार आहे की नाही, हाच वाद पुढे उभा राहतो.

माझ्या मते रचना दोन भागांत ठेवावी. वरिष्ठ संघ प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत, ज्यात तुम्ही पाच जण भागधारक. मुलामुलींची अकादमी ट्रस्टमध्येच. याचं कारण सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या आणि जालन्याच्या कंपन्यांचा सीएसआर निधी ग्रामीण खेळ आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च होऊ शकतो. पण कंपनीला जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये बसत नाही. जर्सीवरच्या लोगोचे पैसे सीएसआरमधून मागितले की समोरचा फायनान्सवाला फाईल परत पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं. तेव्हा लोगोचे पैसे त्यांच्या मार्केटिंग खात्याकडे मागा, तुमच्या कंपनीच्या नावानं. अकादमीचे पैसे सीएसआर समितीकडे मागा, ट्रस्टच्या नावानं. त्यासाठी ट्रस्टची 12ए व 80जी ही आयकर सवलतीची आणि सीएसआर-1 ही सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी हवी. दोन्हीकडचं बँक खातं आणि पावतीपुस्तक वेगळं ठेवा. अकादमीच्या पैशातून वरिष्ठ संघाचा पगार एकदा जरी गेला, तरी सीएसआर देणारी कंपनी पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही.

आता आकडे. खालचा हिशेब नमुना आहे. तुमच्या शहरातले दर टाकून तो पुन्हा मांडा. राज्य पातळीचा हंगाम, 14 सामने, त्यातले सात घरच्या मैदानावर असं धरू.

पहिला आराखडा बहुतेक नवे मालक करतात तो. 24 खेळाडू, बहुतेक बाहेरचे, सरासरी महिना 25 हजार, सात महिन्यांचा करार, म्हणजे 42 लाख. प्रशिक्षक वर्ग 20 लाख. 29 माणसांचं राहणं-जेवण रोजी 400 रुपयांनी 210 दिवस, म्हणजे 24 लाखांच्या पुढे. प्रवास साडेदहा लाख. घरचे सामने प्रत्येकी 75 हजारांनी सव्वापाच लाख, ज्यात ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, बंदोबस्त, पंच आणि व्हिडिओ आले. किट, औषधपाणी आणि विमा 10 लाख. मैदान 12 लाख. बेरीज सुमारे 1 कोटी 24 लाख. दहा टक्के अचानक खर्चाला धरले की साधारण 1 कोटी 36 लाख.

जमेची बाजू पाहा. सात सामने, दोन हजार प्रेक्षक, 50 रुपये तिकीट, म्हणजे सात लाख. स्पॉन्सर 30 लाख. अकादमीत 120 मुलं, महिना 1,500 रुपये, दहा महिने, म्हणजे 18 लाख. त्यातून 11 लाख खर्च वजा जाता सात लाख उरतात. ही शिल्लक ट्रस्टचीच राहते आणि मुलांच्या संघांचं किट व मैदानाचा वाटा तिच्यातून भागतो, म्हणून इथे धरली आहे. एकूण 44 लाख. तूट साडेब्याण्णव लाख. तीन वर्षांत पावणेतीन कोटींहून जास्त. तुमचे पैसे तिथेच संपले, आणि दोन वर्षं स्पॉन्सरनं निम्मेच दिले तर त्याआधीच.

दुसरा आराखडा मला पटतो. 22 खेळाडू, त्यातले 14 मराठवाड्यातले. ते घरून किंवा नोकरी सांभाळून येतात, मानधन 12 हजार. बाहेरचे आठच, 25 हजारांवर, तेही नेमक्या जागांसाठी: गोलरक्षक, मधला बचावपटू, स्ट्रायकर. सात महिन्यांचे पगार पावणेसव्वीस लाख. प्रशिक्षक वर्ग चार जणांचा, पावणेतेरा लाख. दहा माणसांचं राहणं-जेवण 8 लाख 40 हजार, बाकीच्यांच्या सरावानंतरच्या खुराकाला 2 लाख 40 हजार. प्रवास बसनं, राज्यातच, 4 लाख 20 हजार. सामने आणि मैदान तेवढंच, किट-औषधं सात लाख. दहा टक्के धरून साडेपंच्याऐंशी लाखांच्या आसपास. तूट सुमारे 42 लाख. पाच वर्षांत दोन कोटी दहा लाख लागतात आणि नव्वद लाख हातात राहतात. स्पॉन्सर दरवर्षी निम्माच मिळाला तरी पाच हंगाम निघतात. मी आराखडा निवडतो तो या शेवटच्या वाक्यासाठी. जिंकण्याची शक्यता पहिल्या आराखड्यात थोडी जास्त असेल, पण तीन हंगामांत बंद पडलेल्या क्लबकडे कुठलाही पालक मूल पाठवत नाही.

या आकड्यांमध्ये दोन ठिकाणी हमखास गळती होते. पहिली स्पॉन्सरच्या करारात. 30 लाख "जीएसटी वेगळा" असं लिहिलं नसेल, तर 18 टक्के त्यातूनच जातात आणि हातात 25 लाख 42 हजार येतात. शिवाय स्पॉन्सर जूनमध्ये हो म्हणतो आणि पैसे जानेवारीत देतो. खेळाडूचे पगार मात्र दर महिन्याला. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला लेखी कळवून 15 दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही मिळाला नाही तर करार मोडू शकतो. थकबाकी वाढली की नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येते. 2021-22 चा आयएसएल विजेता हैदराबाद एफसी दोनच वर्षांत थकीत पगार आणि अशा बंदीत अडकला, मालक बदलला, आणि 2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी तीन महिन्यांचे पगार वेगळ्या मुदत ठेवीत पाहिजेत. ती ठेव मोडायला दोन भागीदारांच्या सह्या लागाव्यात.

दुसरी गळती गेटवर. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघायला लोक तिकीट काढून येतात, कारण तिथे ती सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आपल्याकडे सवय पासची आहे. नगरसेवक, पोलीस ठाणं, स्पॉन्सर, जुने खेळाडू, मंडळाची पोरं, सगळ्यांना पास. दोन हजारांच्या गर्दीत आठशे पास असले, तर सात लाखांचे चार लाख वीस हजार होतात. पास बंद करू नका, मोजा. प्रत्येक पासवर क्रमांक आणि नाव घाला, एकूण दोनशेच्या वर जाऊ देऊ नका. तिकीटपुस्तकं क्रमांकवार द्या. कोणत्या गेटला कुठून कुठपर्यंतचे क्रमांक दिले ते वहीत लिहा. मध्यंतराला उरलेली पुस्तकं परत घ्या, आणि अर्धुकं, रोख व यूपीआयची जमा तिथेच जुळवा. दुसऱ्या दिवशी जुळवायला बसलात तर जुळत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचं 500 रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे तो विषय नाही. वेळेचा मात्र आहे. फ्लडलाइट नसतील तर सामना तीन-साडेतीनला लागतो, आणि पहिल्या पाळीचा कामगार तेव्हा कुठे कंपनीच्या गेटबाहेर पडतो. मधल्या वारी सामना असेल, तर प्रेक्षकांचा आकडा निम्मा धरा.

मैदानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यात क्लबचं भवितव्य बरंच तिथे ठरतं. पूर्ण मापाचं मैदान 105 बाय 68 मीटर, म्हणजे 7,140 चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ जगवायला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर 35,700 लिटर होतात. बारा हजार लिटरचे तीन टँकर, रोज. ज्या भागात 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे पिण्याच्या पाण्यावर मैदान पोसायचा विचारही करू नये आणि लोक करू देणारही नाहीत. महापालिकेच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी मिळतं का ते आधी पाहा, आणि त्याचा करार मैदानाच्या कराराबरोबरच करा. हिवाळ्यात गरज तीन मिलिमीटरवर येते, म्हणजे साधारण 21 हजार लिटर.

दुसरी अडचण काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांत पाय अडकून गुडघे जातात. वरचा थर काढून खाली निचरा आणि वर 15 सेंटिमीटर वाळूमिश्रित माती घालायची, तर 1,071 घनमीटर भराव लागतो, म्हणजे सुमारे 378 ब्रास. स्थानिक दरानं गुणा, वाहतूक धरा, आणि मग ठरवा. कृत्रिम टर्फ पाणी वाचवतं, पण एप्रिलच्या दुपारी ते इतकं तापतं की सराव पहाटे किंवा रात्रीच होतो. तेव्हा दिव्यांचा खर्चही त्यातच धरा.

हा सगळा खर्च कुठल्या कागदाच्या भरवशावर करणार, ते पाहा. मैदान महापालिकेचं आणि तुमच्या हातात वर्षाची परवानगी असेल, तर एक ब्रासही टाकू नका. त्या वर्षी प्रदर्शन, सभा किंवा फटाका मार्केट लागलं की भराव गेला. सर्वसाधारण सभेच्या ठरावासह निदान दहा वर्षांचा करार मिळेपर्यंत फक्त भाडं भरा. विभागीय क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी तासावर मैदान मिळत असेल, तर सुरुवातीला तेच परवडतं.

भांडवली किंमत कशातून वाढेल, असं तुम्ही विचारलंय. दोनच गोष्टींतून: मैदानाचा दीर्घ मुदतीचा हक्क आणि तरुण खेळाडूंची नोंदणी. इथेही अपेक्षा मोजून धरा. खेळाडू शुल्क देऊन परदेशी क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. 12 ते 15 ची वर्षं प्रत्येकी पाव टक्का, पुढची प्रत्येकी अर्धा. तुमच्याकडे तो 12 ते 18 असेल, तर अडीच टक्के. एक कोटीच्या व्यवहारात अडीच लाख. यावर क्लब चालत नाही. चालतो तो करारातल्या पुढच्या विक्रीच्या वाट्यावर. एक्झिटर सिटी हा समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा छोटा इंग्लिश क्लब. त्यांनी 2017 मध्ये ऑली वॉटकिन्सला ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीत वाटा राखला, आणि 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा पुन्हा पैसे मिळाले. तुम्हीही 15-20 टक्क्यांचं कलम प्रत्येक विक्रीत घाला. मात्र भागीदारानं वैयक्तिक पैसे देऊन एखाद्या खेळाडूच्या विक्रीत हिस्सा घ्यायचा, हे 2015 पासून फिफानं बंद केलंय. तसं कोणी सुचवलं तर नाही म्हणा.

हे हक्क मिळायला कागद लागतात. मूल बाराव्या वर्षी आलं की त्याच हंगामात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नोंद, जन्मदाखला मूळ नोंदीशी पडताळून. नंतर "तो आमच्याकडे होता" म्हणून जुने फोटो दाखवून काही मिळत नाही. वयात खोट निघाली तर मुलाचं नुकसान सगळ्यात मोठं होतं, म्हणून दाखला बघताना भिडेखातर मान डोलावू नका.

जुना क्लब की नवा, याचं उत्तर देण्यांवर अवलंबून आहे. नाव, रंग, मैदान आणि खेळाडू तेच ठेवून नवी कंपनी काढली, तरी फिफा तिला जुन्या क्लबचा वारस मानू शकतं आणि खेळाडूंची जुनी थकबाकी तिच्याकडून मागू शकतं. म्हणून मागच्या तीन हंगामांतल्या प्रत्येक खेळाडूचं आणि प्रशिक्षकाचं "येणं नाही" असं पत्र घ्या, जिल्हा आणि राज्य संघटनेची देणी लेखी विचारा, आणि संलग्नता नव्या कंपनीकडे द्यायला संघटनेची मान्यता मिळेल का तेही लेखीच घ्या. तोंडी आश्वासनावर पहिला हप्ता देऊ नका. देणी पाच-सात लाखांच्या आत असतील तर जुना क्लब घेणं फायद्याचं, कारण संभाजीनगरच्या आमखास मैदानावर वर्षानुवर्षं येणारा प्रेक्षक नव्या नावाला मिळायला दहा वर्षं लागतात. देणी मोजताच येत नसतील, तर नवा काढा.

आता तुम्हा पाच जणांतला करार. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे आणि बहुतेक जण तो शेवटी करतात. प्रत्येकानं कोणत्या तारखेला किती भरायचं हे पाच वर्षांसाठी परिशिष्टात लिहा. हप्ता 60 दिवस चुकला, तर त्याचा हिस्सा ठरलेल्या सूत्रानं कमी होऊन भरणाऱ्यांकडे जाईल असं कलम घाला. मित्र असलात तरी घाला, नाहीतर तिसऱ्या वर्षी दोघे भरतात आणि पाच जण निर्णय घेतात. पैसे कर्ज म्हणून न घालता भांडवल म्हणून घाला. वर्षानुवर्षं साठलेलं मालकांचं कर्ज ताळेबंदात दिसलं की पुढचा खरेदीदार मागे फिरतो. संघ निवड आणि खेळाडू खरेदीत भागीदारांनी पडायचं नाही, त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला एक रक्कम ठरवून प्रशिक्षक आणि व्यवस्थापकाच्या हाती द्यायची. पगारांचा एकूण आकडा उत्पन्न अधिक ठरलेली भरणा रक्कम यांच्या निम्म्यावर जाऊ द्यायचा नाही. युरोपात तिथला फुटबॉल महासंघ यूएफा संघखर्चाला उत्पन्नाच्या 70 टक्क्यांची मर्यादा घालतं, पण त्यांच्याकडे प्रक्षेपणाचा पैसा आहे. आपल्याकडे तो नाही, म्हणून मर्यादा आणखी खाली.

आणि जुन्या ट्रस्टला एक नकाराधिकार द्या: नाव, रंग, चिन्ह आणि शहर त्यांच्या लेखी संमतीशिवाय बदलायचं नाही. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला, विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी मिळाली तेव्हा समर्थकांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला. हे कलम पुढच्या खरेदीदाराला थोडं अडचणीचं वाटेल, विक्रीची किंमतही कदाचित कमी होईल. तरी घालाच, कारण त्या कलमाच्या बळावरच जुने कार्यकर्ते मैदान, पोरं आणि कागदपत्रं विश्वासानं तुमच्या हाती देतील.

शेड्यूल एकचा उतारा, शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि मैदानाचं परवानगीपत्र हातात आलं, की त्यातले आकडे इथे टाका. नावं झाकून टाकलीत तरी चालेल. तुटीचा हिशेब तुमच्या खऱ्या दरांनी पुन्हा मांडून देतो.